म्हातारी झालेली द्राक्षबाग काढावी की अजून एक हंगाम धरावा?

मांडवाखालची (तासगाव तालुका)

नमस्कार. आमची डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर कलम भरतात तो वेल) वाढवलेली, तास-ए-गणेश या द्राक्षवाणाची बाग आता वयाने थकली आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ती स्वतः उभी केली. गेली काही वर्षे तिचा कारभार माझ्याकडे आहे. खोडकिड्याने पोखरलेली खोडे दर वर्षी वाढत आहेत, ओलांड्यांवर (खोडापासून तारेवर आडव्या वाढवलेल्या मुख्य फांद्यांवर) जागोजागी मोकळी अंतरे पडली आहेत, माल उतरल्यावरच्या, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फूट एकसारखी निघत नाही आणि ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर दिसलेले घड पोंग्यातच (नुकत्या फुटणाऱ्या कोंबातच) जिरून जातात. फवारणीचा खर्च मात्र तसूभरही कमी झालेला नाही, कारण डाऊनी आणि भुरी हे रोग झाडाचे वय विचारून येत नाहीत.

वहीत हिशेब मांडला तर वादाला जागा उरत नाही. गेल्या हंगामात मजुरी, औषधे आणि खते वजा जाता जे हाती आले ते आमच्या घरच्या माणसांच्या कष्टाचेही मोल नव्हते. तरीही दर वर्षी माल उतरला की अण्णा म्हणतात, "अजून एक बार बघू," आणि आम्ही पुन्हा कात्री हातात घेतो. याच बागेवर घर बांधले गेले, नणंदांची लग्ने झाली, माझ्या यजमानांचे शिक्षण झाले. अण्णांना हिशेब कळत नाही असे मुळीच नाही. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. अडचण वेगळी आहे. नवी बाग लावली तर ती भरात येईपर्यंत आपण असू की नाही, हा विचार त्यांच्या मनात आहे आणि तो ते बोलून दाखवत नाहीत.

जुनी बाग काढण्याचा निर्णय तुम्ही कसा घेतला, घरातल्या वडीलधाऱ्यांना कसे सांगितले आणि नंतरची दोन वर्षे कशी काढली, हे अनुभव असलेल्यांकडून ऐकायला आवडेल. धीर धरा, सगळे चांगले होईल, अशी उत्तरे कृपया नकोत.

पोंगा_अवस्था (निफाड)

ताई, मी कृषी पदवीधर आहे आणि घरची बागही करतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे या निर्णयाला ऋतू असतो, आणि तो चुकला की निर्णय एक वर्ष पुढे जातो. माल उतरल्यापासून खरड छाटणीपर्यंतचे काही आठवडे हीच ती वेळ. एकदा एप्रिलची छाटणी केली की तुम्ही पुढच्या फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या खर्चाला मनाने होकार दिलेला असतो. छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत काडीतल्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घड तयार होतात, आणि तेव्हा वेलीला पुरेसे अन्न व पुरेसा सूर्यप्रकाश मिळाला नाही तर ऑक्टोबरमध्ये कितीही औषधे मारली तरी नसलेला घड बाहेर येत नाही. थकलेल्या मुळ्यांची आणि पोखरलेल्या खोडाची बाग नेमकी याच टप्प्यावर हरते. आपल्याला ते कळते सहा महिन्यांनी. "गोडी छाटणीनंतर बघू" या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही.

दुसरे असे की मांडव पाहून निर्णय घेऊ नका. मांडव वरून हिरवागार दिसतो, कारण चांगल्या वेली शेजारच्या मेलेल्या वेलींची जागा भरून काढतात. खाली वाकून ओळीने चालत जा, पूर्ण ओलांडा असलेली, अर्धा ओलांडा उरलेली आणि केवळ नावापुरती उभी असलेली झाडे वेगवेगळी मोजा, आणि ते काम अण्णांना बरोबर घेऊन करा. मोजणीचा आकडा तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी स्वतः मोजलेला बरा.

नव्या बागेचे वेळापत्रक तुम्हाला ठाऊक असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. खुंटरोपांची लागवड जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते, त्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरले जाते, पुढच्या जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत रिकट घेतला जातो (कलमाची फूट पुन्हा खाली छाटली जाते), त्यानंतर खोड, ओलांडे आणि मालकाड्या (फळ येणाऱ्या काड्या) तयार होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पहिला माल हाती येतो. लागवडीपासून पहिल्या मालापर्यंत साधारण दोन वर्षे जातात. त्याच्या अलीकडे जमिनीला विसावा द्यावा लागतो तो वेगळाच. काढलेल्या बागेच्या जागी लगेच रोपे लावणारे लोक मी पाहिले आहेत. जुन्या मुळ्यांवरच्या सूत्रकृमी आणि बुरशी नव्या कोवळ्या मुळ्यांवर तुटून पडतात आणि नवी बाग जन्मतःच आजारी निघते.

निवृत्त_मास्तर (सोलापूर)

मांडवाखालची ताई, अण्णांशी बोलताना एक प्रश्न त्यांना अवश्य विचारा: ही बाग लावण्यापूर्वी त्या रानात काय होते, आणि ते कोणी काढले?

आपल्या द्राक्षशेतीचा इतिहास हा बागा लावण्याइतकाच बागा काढण्याचाही इतिहास आहे. भोकरी आणि फकडी या वाणांनी एक काळ गाजवला. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी निवडलेला चीमा साहेबी आला, अनाबशाही आली, आणि मग बिनबियांच्या थॉमसनने या सगळ्यांना बाजूला सारले. त्याच थॉमसनमधून तासगावच्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश निवडला आणि आमच्याकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडली. तोवर वेली स्वतःच्याच मुळांवर वाढत होत्या. पाणी कमी पडू लागले, जमिनी आणि विहिरी क्षारयुक्त होऊ लागल्या, तेव्हा त्याही बागा गेल्या आणि टेक्सासकडच्या रानटी वेलापासून आलेल्या डॉगरिज खुंटावर कलमे भरण्याची पद्धत रुजली. फ्रान्समध्ये तर १८६० नंतरच्या काही दशकांत फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीने देशभरातील मळे उद्ध्वस्त केले, आणि तिथल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेली उपटून अमेरिकन खुंटांवर नव्याने सुरुवात करावी लागली. ते खुंट वापरण्याला तिथे कडाडून विरोध झाला होता. आपल्या वेलींची जात बिघडेल, असे अनेकांना वाटत होते.

अण्णांच्या पिढीने अनाबशाही काढून थॉमसन लावला असेल, किंवा थॉमसन काढून ही बाग लावली असेल. त्या वेळी त्यांच्या वडिलांनीही बहुधा "अजून एक बार बघू" असेच म्हटले असणार. ज्याला आपण आज घराची परंपरा म्हणतो तिचा आरंभ कोणीतरी, कोणाच्या तरी नाराजीवर, जुने मोडून केलेला असतो.

सांगोलेकर

मास्तरांचा इतिहास बरोबर आहे, परंतु त्यात मोडणाऱ्याच्या हातात निवड होती असे वाटते. आमच्याकडे ती नव्हती.

तेल्या रोगाने आमच्या डाळिंबाच्या बागा आधीच खिळखिळ्या केल्या होत्या. त्यानंतर मर रोग आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा आला, आणि पाहता पाहता भगवा या डाळिंबवाणाच्या उभ्या बागा वाळल्या. ज्यांनी वेळीच झाडे उपटून जाळली त्यांचे नुकसान झाले. पण ज्यांनी माया म्हणून वाळकी झाडे वर्षभर उभी ठेवली त्यांच्या बांधावरून ती कीड शेजारच्या निरोगी बागेत गेली. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संपलेली गोष्ट उभी ठेवण्याची किंमत आपण एकटेच मोजतो, हा समज खोटा आहे. ताई, तुमच्या बागेतल्या खोडकिड्याचा शेजाऱ्याला काय त्रास होतो, हेही एकदा पाहा.

नंतरचे विचाराल तर पहिले वर्ष रिकाम्या रानाकडे जाण्याची इच्छाच होत नसे. गावातल्या सभांमधून "नवी सुरुवात करा" असे भाषण करणाऱ्यांचा तेव्हा राग येई. दुसऱ्या वर्षी मका केला आणि चार गाई घेतल्या. काहींनी शेवगा लावला. काही जण दुसऱ्या रानात, अंतर वाढवून, पुन्हा डाळिंबाकडे वळले आणि त्यांतल्या काहींचे जमले. मी वळलो नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि रात्री आभाळ गडगडले तरी मी झोपतो, एवढे पुरेसे आहे.

शंकेखोर (मिरज)

सगळ्यांचे लिहून झाले असेल तर पैशाबद्दल बोलू या.

नवी द्राक्षबाग म्हणजे खुंट, कलमे, लोखंडी अँगल, तारा, ठिबक आणि मजुरी. एकरी काही लाखांचा मामला आहे आणि पहिला माल येईपर्यंत उत्पन्न शून्य. त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. पीककर्जाची मर्यादा पिकाप्रमाणे ठरते आणि द्राक्षाची एकरी मर्यादा मक्या-हरभऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असते. बाग काढली, ई-पीक पाहणीत नोंद बदलली, की पुढच्या वर्षी सोसायटीत कर्ज कमी मिळते, आणि आधीचे मोठे कर्ज तर फेडायचे असतेच. अनेक जण तोट्यातली बाग उभी ठेवतात ती मायेपोटी नव्हे, तर कर्जाचे नवे-जुने करता यावे म्हणून. त्यांना भावनाप्रधान ठरवणे हा अन्याय आहे. नव्या सुरुवातीचे कौतुक ज्याच्या गाठीला दोन वर्षांचा घरखर्च आहे त्यानेच करावे.

माझा पर्याय असा की बाग एकदम काढू नका; एक हंगाम बेदाण्यासाठी धरा. निर्यातीच्या मालासारखी मणी फुगवण्याची आणि विरळणीची मेहनत करावी लागत नाही, तासगावची बाजारपेठ दारात आहे आणि थोडी उसंत मिळते.

मांडवाखालची

शंकेखोर दादा, कर्जाचा मुद्दा तंतोतंत खरा आहे आणि आमच्या घरातही तोच अण्णांच्या "अजून एक बार"च्या मागे थोडासा आहे, हे मी कबूल करते. बेदाण्याचा विचार आम्ही केला होता. मात्र बेदाण्याला मण्यात गोडी भरपूर लागते, नाहीतर उतारा पडत नाही, आणि पानेच कमी असलेली आमची वेल ती गोडी भरत नाही. शेडचे भाडे आणि डिपिंग तेलाचा (वाळवण्याआधी घड ज्यात बुडवतात त्याचा) खर्च वर असतो तो निराळा.

पोंगा_अवस्था यांच्या सांगण्यावरून काल अण्णांबरोबर मोजणी केली. निम्म्याहून थोडी अधिक झाडे नावापुरतीच आहेत. ती बहुतेक पश्चिमेच्या खोलगट भागात आहेत, जिथे पावसाळ्यात पाणी साचते. मोजताना अण्णा काही बोलले नाहीत. चहाच्या वेळी मात्र मास्तरांचा प्रश्न मी विचारला. त्या रानात त्यांच्या वडिलांचा पानमळा होता आणि तो अण्णांनी स्वतः मोडला होता. त्यावरून घरात काही महिने अबोला होता, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच समजले.

देवगडचा_बागायतदार

आमच्याकडे याच प्रश्नाचे उत्तर वेगळे निघते, म्हणून लिहितो. हापूसचे कलम म्हातारे झाले, आभाळाला टेकले, आतून पोकळ आणि फळाला कमी झाले, तरी आम्ही ते सहसा काढत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शिकवलेल्या पद्धतीने पावसाळा सरल्यावर वरच्या फांद्या उतरवून झाड बुटके करतो, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतो आणि नवी पालवी फुटली की त्यातली मोजकीच राखतो. पहिली दोन-तीन वर्षे फळ मिळत नाही आणि त्या काळात भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. नंतर तेच झाड पुन्हा फळते, फवारणीही सोपी होते.

माझे म्हणणे असे की काढण्याआधी, खोड आणि मूळ शाबूत आहे का, एवढे तपासा. मूळ चांगले असेल तर वरचे कितीही छाटा, ते परत येते. मूळ गेले असेल तर वरची छाटणी ही केवळ समजूत आहे. तुमचा पश्चिमेचा भाग पाण्याने गेलेला दिसतो. तिथे पुनरुज्जीवनाचा मोह धरू नये. पूर्वेच्या भागाचे मात्र तसे नसेल.

पुण्यातली_लेक

मी शेती करत नाही, त्यामुळे इथे लिहावे की नाही या विचारात होते. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या बागेला २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान वादळाच्या पावसाने झोडपले आणि त्यानंतर ती पूर्वपदावर आलीच नाही. बाबांना ती काढायची होती. विरोध आम्ही भावंडांनी केला, जे वर्षातून दोनदा गावी जाऊन मांडवाखाली छायाचित्रे काढत होतो. आमचे बालपण तिथे गेले, मुलांना आजोबांची बाग दाखवायची आहे, अशी आमची कारणे होती. मध्यरात्री मोटार सुरू करायला उठणारे, अंगावर औषध घेत फवारणी करणारे आणि व्यापाऱ्याने भाव पाडला की गप्प बसणारे बाबा होते.

एका मार्चमध्ये त्यांनी आम्हाला न कळवता जेसीबी लावला. आम्ही रागावलो. आईने फोनवर एवढेच सांगितले की ते बऱ्याच वर्षांनी पंढरीला जायचे म्हणत आहेत. आता तिथे टोमॅटो आणि कांदा असतो, बाबा गावातल्या वाचनालयाचे काम पाहतात आणि शेतीबद्दल आम्ही विचारले तरच बोलतात. ताई, तुमच्या घरातला "काढू नका" हा आवाज नेमका कोणाचा आहे, हे पाहावे असे मला वाटते. जो कष्ट करत नाही त्याच्या आठवणींना या निर्णयात मत नसावे.

वरूडकर

लेकीने लिहिलेले पटले. आमच्या संत्रापट्ट्यात दुखणे थोडे निराळे आहे. डिंक्या आणि कोळशी या रोगांशी आम्ही लढलो असतो, पण बोअर खोल खोल जात राहिले आणि शेवटी पाणीच संपले. पाणी आटल्यावर बाग काढून पुन्हा संत्राच लावणाऱ्यांना नवी सुरुवात केल्याचे समाधान मिळते, पण दुखणे जागच्या जागी राहते. पश्चिमेच्या भागात पाणी का साचते, याचा निकाल लावल्याखेरीज तिथे नवा खुंट लावू नका.

पोंगा_अवस्था

वरूडकर यांच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. खोलगट भागात आधी चर काढून पाण्याला वाट करून द्या, माती आणि पाणी तपासून घ्या आणि त्या अहवालावरून खुंट ठरवा. डॉगरिज सगळीकडे चालतो म्हणून डोळे झाकून तोच घेण्याची गरज नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून याच विषयावर काम करत आहे. निरनिराळ्या जमिनींसाठी कोणता खुंट योग्य, याचा सल्ला तिथे मिळू शकेल.

शंकेखोर यांच्या आक्षेपावर माझ्या मते मधला मार्ग आहे. बाग दोन टप्प्यांत काढा. या मार्चमध्ये पश्चिमेचा मेलेला भाग काढला तरी पूर्वेचा भाग उत्पन्न देत राहील आणि सातबारावर त्या क्षेत्रापुरती द्राक्षाची नोंदही राहील. रिकाम्या भागात पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग, मग हरभऱ्यासारखे कमी खर्चाचे पीक, आणि त्यानंतर खुंटरोपे.

यात आणखी एक लाभ आहे, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कलम भरताना तुम्हाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पक्व, निरोगी काडी लागेल. सगळी बाग एकदम काढली तर ती दुसऱ्याच्या बागेतून आणावी लागते, आणि तिथली वेल कशी होती हे आपल्याला ठाऊक नसते. पूर्वेच्या भागातल्या उत्तम वेली त्या वर्षापर्यंत राखल्या तर नव्या खुंटावर तुमचीच काडी जाईल. कोणत्या वेलीचे घड दर वर्षी सुटसुटीत आणि लांब मण्यांचे येतात, कोणती वेल पावसातही चिरत नाही, हे अण्णांइतके कोणाला माहीत असणार? त्या वेलींना आतापासून खूण करून ठेवायला सांगा. रोगट किंवा पाने वेडीवाकडी असलेली वेल मात्र, कितीही आवडती असली तरी, घेऊ नका.

शंकेखोर

हे चालण्यासारखे आहे. फक्त दुसऱ्या टप्प्याची तारीख आताच घरात ठरवून घ्या. अर्धी बाग काढून उरलेली अर्धी पुढे दहा वर्षे तशीच ओढत नेणारी घरे मी पाहिली आहेत. आणि कर्ज मंजूर करणाऱ्याला आधी भेटा, नंतर नव्हे.

मांडवाखालची

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरात सविस्तर बोलणे झाले. पश्चिमेचा भाग या महिनाअखेरीस काढायचा, पूर्वेच्या भागाची खरड छाटणी नेहमीप्रमाणे करायची आणि नव्या कलमांचा रिकट झाला की तोही काढायचा, असे ठरले. कलमकाडीच्या वेली निवडण्याचे काम अण्णांनी मागून घेतले. त्यांची एक अट आहे: नव्या भागात तास-ए-गणेशबरोबर एक-दोन ओळी काळ्या वाणाच्या असाव्यात, कारण शरद सीडलेस लावायचे त्यांच्या मनात फार पूर्वीपासून होते आणि तेव्हा बाजाराच्या भीतीने राहून गेले. मला हिशेबाने ते फारसे पटलेले नाही, पण मी होकार दिला आहे. सांगोलेकर दादा, रिकामे रान पाहवत नाही हे तुम्ही लिहिले ते मनात राहिले आहे. त्यासाठी पाऊस पडताच ताग पेरणार आहोत.

दोन शंका उरल्या आहेत. जुने अँगल आणि तारा नव्या बागेला चालतील का, आणि ताग नेमका केव्हा गाडावा?

पोंगा_अवस्था

अँगल जमिनीलगत गंजले आहेत का ते उपटल्यावर पाहा; तिथे गंज नसेल तर खुशाल वापरा, कारण भरल्या मालाच्या ओझ्याने मांडव बसतो तो तिथूनच. तारा मात्र जुन्या घेऊ नका. बाग काढताना बुंधा कापून मुळे जमिनीत ठेवण्याची चूक करू नका. नांगरट खोल करून मुळे वेचून काढा आणि उन्हाळ्यात जमीन चांगली तापू द्या. ताग फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास, म्हणजे पेरणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांनी, खोड कोवळे असतानाच गाडावा. उशीर झाला तर तो लवकर कुजत नाही.